एक गुंठा, एक ठिपका

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ऊस उभा असतो. समजा, त्यात एका शेतकऱ्याचा दहा गुंठ्यांचा चौरस तुकडा आहे. उपग्रहाने घेतलेल्या चित्रात तो दिसेल का? पिक्सेल म्हणजे काय हे वर्गात शिकवायचे असेल, तर या प्रश्नापासून सुरुवात करून पाहावी.

संगणकावरचे चित्र म्हणजे चौकटींचा तक्ता. प्रत्येक चौकटीत रंगाचे आकडे साठवलेले असतात. ही चौकट म्हणजे पिक्सेल. तिच्या आत आणखी भेद नसतो. तिच्यात जे जे येते त्या सर्वांचा मिळून एकच रंग होतो. उपग्रहचित्रात एक पिक्सेल जितकी कमी जमीन व्यापेल, तितकी त्या चित्राची विभेदनक्षमता, म्हणजेच रेझोल्यूशन, जास्त.

भारताने १९८८ साली सोडलेल्या आयआरएस-१ए उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा पिक्सेल ७२.५ मीटर बाजूचा होता. म्हणजे सुमारे ५२ गुंठे! आपल्या शेतकऱ्याचा ऊस, शेजाऱ्याची ज्वारी, मधला रस्ता आणि विहीर, सारे एकाच रंगात. १९९५ च्या आयआरएस-१सीवरील लिस-३ कॅमेऱ्याने ही बाजू २३.५ मीटरवर आणली. साधारण साडेपाच गुंठे. २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटरची चित्रे विनामूल्य मिळू लागली. आपला गुंठा ३३ फूट बाजूचा, म्हणजे १०.०६ मीटर. एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ एक गुंठा. योगायोगच, पण शिक्षकांच्या फार सोयीचा.

मग दहा गुंठ्यांत दहा पिक्सेल? इथे विद्यार्थी हमखास फसतात. दहा गुंठ्यांच्या चौरसाची बाजू सुमारे ३२ मीटर, पण उपग्रहाची जाळी काही आपल्या बांधापासून सुरू होत नाही. जाळी शेताला समांतर धरली तरी बहुतेक वेळा एका दिशेला दोनच पूर्ण चौकटी शेतात बसतात. म्हणजे निव्वळ त्याच्या उसाचे पिक्सेल चारच. कडेच्या चौकटींत बांध आणि शेजाऱ्याचे पीक मिसळलेले. २३.५ मीटरच्या चित्रात तर बहुधा एकही शुद्ध पिक्सेल नाही. उलट पाच एकरांच्या चौरस शेतात दहा मीटरचे असे पिक्सेल दीडशेहून अधिक मिळतात. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उपग्रहचित्रांवरून उसाबाबत सल्ला देण्याचे प्रयोग झाले आहेत, त्यांत जमिनीतील संवेदकांचीही जोड आहे. केवळ चित्रावर विसंबले, तर लहान शेतकऱ्याच्या वाट्याला शेजाऱ्याच्या पिकाचा सल्ला यायचा.

आता डीपीआय, म्हणजे इंचाला किती ठिपके. हा प्रश्न छपाईचा. पिक्सेलला स्वतःची लांबी नसते. १८०० × १२०० पिक्सेलचे छायाचित्र इंचाला ३०० प्रमाणे छापले तर ६ × ४ इंचांचे होते, १०० प्रमाणे १८ × १२ इंचांचे. माहिती तीच. संगणकात ७२ च्या जागी ३०० लिहिले म्हणून चित्र सुधारत नाही, हे स्नेहसंमेलनाची स्मरणिका काढणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे. मग ३०० च का? हातभर अंतरावरून आपल्या डोळ्याला साधारण तेवढेच ठिपके वेगळे दिसतात. अंतर वाढले की ही गरज घटते. तेच छायाचित्र दहा फूट रुंद फ्लेक्सवर छापले तर इंचाला १५ च पिक्सेल येतात. सहा मीटरवरून ते चालून जाते, जवळ गेल्यावर चौकटी दिसतात.

चलच्चित्रातही हेच. १९२० × १०८० च्या प्रत्येक चौकटचित्रात २०,७३,६०० पिक्सेल असतात खरे. पण भिगवणच्या जलाशयातला दूरचा रोहित पक्षी त्यांतल्या वीसच पिक्सेलइतका उंच टिपला गेला असेल, तर पडद्यावर कितीही मोठा केला तरी त्याच्या चोचीचा बाक उमटणार नाही.

शाळेच्या मैदानावर फक्कीने ३३ फूट बाजूचा चौरस आखा. आत काय काय आहे, त्याची यादी विद्यार्थ्यांकडून करून घ्या: माती, गवत, झाडाची सावली, चपला. मग त्या सगळ्यांसाठी एकच रंग निवडायला सांगा.