बारा मैलांवरचा सांधा
किनारा आणि कायदा : भाग पाचवा

मागच्या भागात आपण भरतीरेषेपासून जमिनीकडे गेलो : किनारी नियमन क्षेत्र (सीआरझेड), पन्नास मीटर, दोनशे मीटर, कोळीवाड्यांचे नकाशे. आज तोंड पाण्याकडे. पण इकडचं मोजमाप भरतीरेषेपासून सुरू होत नाही. ते ओहोटीच्या रेषेपासून होतं, आणि जिथे किनारा फार दंतुर आहे तिथे सरकारने ठरवलेल्या सरळ आधाररेषेपासून. म्हणजे भरती आणि ओहोटी यांच्यामधल्या ज्या ओल्या वाळूत मुलं शिंपल्या वेचतात, तिच्या एका कडेला एक कायदा मोजायला लागतो आणि दुसऱ्या कडेला दुसरा.

समुद्रावर हक्क सांगणं नवं नाही. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज अरबी समुद्रात कार्ताझ नावाचा परवाना विकत. तो नसलेलं जहाज सापडलं तर मालासकट जप्त. पुढे कान्होजी आंग्र्यांचं दस्तक घेतल्याशिवाय कोकणच्या पाण्यातून व्यापारी जहाज नेणं धोक्याचं झालं. पोर्तुगिजांच्या मक्तेदारीविरुद्ध ‘समुद्र कुणाच्याच मालकीचा नाही’ असं ठासून मांडलं ते डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसने, १६०९ साली. आजही त्याचं नाव आदराने घेतलं जातं. मात्र त्याने हे लिहायला घेतलं ते डच ईस्ट इंडिया कंपनीने एक पोर्तुगीज जहाज लुटलं त्याचं समर्थन करण्यासाठी. मुक्त समुद्राचं तत्त्वज्ञान एका लुटीच्या वकिलीतून आलं, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.

आजची व्यवस्था मक्तेदारी आणि मुक्त समुद्र या दोहोंच्या मधली आहे. भारताने १९७६ साली कायदा करून किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र आणि २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र जाहीर केलं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात हेच आकडे पक्के झाले, आणि भारताने त्याला १९९५ साली मान्यता दिली. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तेव्हा १२ मैल म्हणजे साधारण २२ किलोमीटर. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘मत्स्यव्यवसाय’ राज्यसूचीत २१ व्या नोंदीला आहे, आणि ‘प्रादेशिक समुद्रापलीकडचा मत्स्यव्यवसाय’ केंद्रसूचीत ५७ व्या नोंदीला. बाराव्या मैलापर्यंत महाराष्ट्र, तेराव्या मैलावर दिल्ली. आपल्या सागरी कारभारातली बरीच दुखणी या एका सांध्यात आहेत.

राज्यांना कायदे करणं भाग पडलं ते भांडणातून. सत्तरच्या दशकात गोव्यात ट्रॉलर किनाऱ्यालगत जाळी ओढू लागले. त्यांच्या खरेदीला सरकारी प्रोत्साहनच होतं. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकारांचं पाणी गढूळ झालं, मासा कमी झाला, आणि माथानी साल्ढाणा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने ते रस्त्यावर आले. गोवा आणि केरळने १९८० मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदे केले, महाराष्ट्राने १९८१ मध्ये. गोव्याने ट्रॉलरसाठी किनाऱ्यापासून ५ किलोमीटरची मर्यादा घातली. महाराष्ट्राने अंतराऐवजी खोली धरली : काही भागांत ५ वाव, काही भागांत १० वाव, त्याच्या आत यांत्रिक ट्रॉलने मासेमारी करायची नाही. वाव हे मच्छीमारांचं रोजचं माप. त्यामुळे हा नियम निदान तांडेलाला समजेल अशा भाषेत होता.

या कायद्यांच्या आधी समुद्र मोकाट होता असं मात्र कुणी समजू नये. मालवणकडची रापण घ्या. होडीतून अर्धवर्तुळात जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकं वाळूवरून माणसांनी ओढायची. अशा मासेमारीत वाटणी आधी ठरलेली नसेल तर दुसऱ्या दिवशी जाळं ओढायला कुणी येणारच नाही. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या हातांचा वाटा, असे हिशेब गावाने बसवलेले. उत्तरेला पालघर-वसईकडे डोल. समुद्राच्या तळात खुंट रोवून जाळं बांधायचं आणि प्रवाहाबरोबर येणारा बोंबील, जवळा, करंदी त्यात येऊ द्यायची. खुंटांच्या जागेला कव म्हणतात. कुठली कव कुणाची हे कुठल्या सातबाऱ्यावर नाही, तरी गावाला तोंडपाठ असतं. या कवींवरून गावागावांत वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. डहाणू-सातपाटीकडचे म्हणतात, हे पाणी आमच्या गावासमोरचं. वसई-उत्तनकडचे म्हणतात, आम्ही पूर्वापार इथे कव मारतो. सरकारपुढे हा तंटा आला की अडचण अशी, की कायद्याला ५ वाव कळतात, १२ मैल कळतात, कव कळत नाही. माझ्या मते ही कायद्याची सगळ्यात मोठी उणीव आहे. जिथे लोकांची स्वतःची शिस्त होती तिथेच तो आंधळा आहे.

आता पर्ससीन. माशांच्या थव्याभोवती जाळ्याची भिंत फिरवायची आणि बटव्याची नाडी ओढावी तशी खालची दोरी ओढून तळ बंद करायचा. बांगडा, तारली, सुरमईचा अख्खा थवा आत. याच्या जोडीला जनरेटरवर चालणारे एलईडी दिवे आले. अंधारात उजेडाकडे मासा गोळा करायचा आणि मग वेढा घालायचा. डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या अभ्यासानंतर राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढला : पर्ससीनला मुभा फक्त १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर, आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्रातही दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली. कागदावर दोन्ही बाजूंनी कुलूप लागलं.

तरीही सांधा ढिलाच, कारण राज्याचा पर्ससीनचा आदेश बारा मैलांपर्यंतच चालतो. डिसेंबरनंतर जाळं टाकलेली नौका अडवली तर उत्तर तयार असतं : आम्ही बारा मैलांच्या पलीकडे होतो. रात्रीच्या समुद्रात ती अकराव्या मैलावर होती की तेराव्या, हे सिद्ध कुणी करायचं? तमिळनाडूच्या प्रकरणात जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने १२ मैलांपलीकडे पर्ससीनला परवानगी दिली ती आठवड्यातून दोन दिवस, सोमवार आणि गुरुवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६. अंतर मोजता येत नाही म्हणून न्यायालयाने घड्याळ आणि वार हाती घेतले, असं मी त्या आदेशाकडे पाहतो. निघण्याची आणि परतण्याची वेळ धक्क्यावर उभं राहून तपासता येते.

समुद्रात तपासण्याचा अनुभव काही चांगला नाही. भाड्याने घेतलेल्या गस्ती नौका आणि त्यांच्यापेक्षा वेगवान ट्रॉलर, ही सिंधुदुर्गातली नेहमीची तक्रार. परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर जाळं उचलून निघून जातात आणि मागे फाटलेली जाळी राहतात. पकडलीच एखादी नौका, तर १९८१ च्या कायद्याप्रमाणे खटला तहसीलदारापुढे जायचा. तहसीलदाराच्या टेबलावर फेरफार, दुष्काळ, निवडणूक, दाखले. त्यात पर्ससीनच्या जाळ्याची सुनावणी कधी लागायची! २०२१ च्या दुरुस्तीने हे अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाकडे आले आणि दंडही वाढले. दिव्यांच्या मासेमारीला ५ ते २० लाख रुपये. जानेवारी २०२५ पासून ड्रोनही उडू लागले. ड्रोन नौका दाखवतो. तिच्यावर चढून पंचनामा करायला माणूसच लागतो.

याउलट एक नियम दरवर्षी बऱ्यापैकी पाळला जातो : पावसाळी बंदी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. महाराष्ट्रात पूर्वी ती १० जूनला सुरू व्हायची आणि १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत चालायची. सरकारी अधिसूचनेत नारळी पौर्णिमा! मला तो जुना मसुदा जास्त शहाणा वाटतो, कारण त्या दिवसाआधी दर्यात होडी न घालण्याचं बंधन कोळ्यांनी आधीच स्वतःवर घातलेलं होतं. बंदी चालते याचं एक कारण उधाणलेला समुद्र आहेच. दुसरं कारण असं, की ती मोडली हे गावाला लगेच दिसतं. सगळ्या नौका खाडीत शाकारलेल्या असताना एक गायब असली तर विचारायला गस्ती नौका लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की बारा मैलांचा सांधा समुद्रात घट्ट होणार नाही. तो ससून डॉकला, मिरकरवाड्याला, हर्णैला, मालवणला घट्ट करावा लागेल. नौका कितीही मैल गेली तरी डिझेल, बर्फ आणि लिलाव यांसाठी तिला किनाऱ्यावर यावंच लागतं. डिझेलवरचा परतावा सरकार देतं, नोंदणी आणि परवाना सरकार देतं, जाण्याचं टोकन बंदरात मिळतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी नियम केले, त्यातही यांत्रिक नौकांना ‘अ‍ॅक्सेस पास’ घ्यायचा आहे. पारंपरिक आणि लहान नौकांना त्यातून सूट आहे. आंग्र्यांच्या दस्तकाचाच हा वंशज म्हणायचा. फरक एवढा की दस्तक नसेल तर समोर आंग्र्यांचं आरमार उभं राहत असे.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्यमासा घोषित केलं आणि त्याच सुमारास अनेक जातींच्या माशांसाठी किमान लांबीचे आकडेही जाहीर केले. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. नियम चांगला आहे, आणि पट्टी लावून तपासता येतो, तेही धक्क्यावर. पण जाळ्यात आलेला लहान मासा पाण्यात परत टाकला तरी बहुतेक वेळा जगत नाही. त्यामुळे प्रश्न जाळ्याच्या आसाचा, म्हणजे छिद्राच्या आकाराचा आहे, आणि त्याहून जास्त मागणीचा. लहान पापलेट ताटात मावतं म्हणून हौसेने घेणारे गिऱ्हाईक आपणच. उरलेली बारीक मासळी भुकटीच्या कारखान्यांत जाते. तिथे कुणी लांबी विचारत नाही. लिलावाच्या जागेवर पट्टी आली तर खरेदीदाराच्या हिशेबाच्या वहीवरही नजर यायला हवी, नाहीतर दंड फक्त नाखव्याच्या माथी.

(पुढच्या भागात : २०० मैलांच्या पलीकडे. जिथे कुठल्याच देशाचं राज्य नाही त्या समुद्रातल्या जीवसृष्टीसाठी २०२३ साली संयुक्त राष्ट्रांत मंजूर झालेला करार.)