खिडकीची भाषा

२०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या घराघरांत एकाच विषयावर वाद झडले. १६ एप्रिलला राज्य सरकारनं मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा निर्णय काढला. १७ जूनला ‘अनिवार्य’ जाऊन ‘सर्वसाधारणपणे’ आलं. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि विषय डॉ. नरेंद्र जाधव यांच्या समितीकडे गेला. वादाचा धुरळा खाली बसला, पण त्यामागचा प्रश्न जुनाच आहे. एखाद्या प्रदेशाचा कारभार एका भाषेत चालावा, की त्यानं दोन भाषांचं व्हावं?

आमच्या वरंधकडून पाहिलं तर या प्रश्नाची मांडणीच थोडी चमत्कारिक वाटते. घाटाच्या पायथ्याचा हा मुलूख एकभाषिक म्हणायचा, पण एकभाषिक माणूस इथं शोधावा लागेल. कातकरीवाडीवरचं पोर घरी कातकरी बोलतं आणि शाळेत पुस्तकी मराठीशी झगडतं. महाडकडच्या कोकणी मुसलमान कुटुंबांत घरची बोली कोकणी, तर पोरं उर्दू शाळेत. मुंबईला गिरणीत, गोदीत गेलेले आमचे चाकरमानी हिंदी शिकले ते कामावर, पहिलीच्या वर्गात नव्हे. आता महाडच्या एमआयडीसीत उत्तरेकडून आलेला कामगार भाजीवालीशी मोडकं मराठी बोलतो आणि ती त्याला मोडक्या हिंदीत उत्तर देते. दोघांचंही काही अडत नाही. माणसाला दोन-तीन भाषा याव्यात, याबद्दल वाद असायचं कारणच नाही. वाद आहे तो कचेरीच्या खिडकीवर कोणती भाषा चालावी, याबद्दल.

ही खिडकी मी आतल्या बाजूनं तीस-बत्तीस वर्षं पाहिली. बँकेच्या पैसे भरायच्या स्लिपवर मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषा असत. केंद्राच्या १९७६ च्या राजभाषा नियमांत महाराष्ट्र ‘ख’ क्षेत्रात मोडतो, त्यामुळे किती पत्रं हिंदीत गेली याचा तिमाही अहवाल वर जायचा. सप्टेंबरात हिंदी पंधरवडा व्हायचा, निबंधस्पर्धेची बक्षिसं वाटली जायची. कर्जाचा करार मात्र इंग्रजीत आणि बारीक टाइपात. कर्जदार मराठीत सही करणारा किंवा अंगठा उठवणारा असला, की शेवटी आणखी एक मजकूर जोडायचा : करारातला सर्व तपशील मला माझ्या भाषेत वाचून दाखवला असून तो मला समजला आहे.

म्हशीसाठी कर्ज घ्यायला आलेल्या एका बाईंनी त्या मजकुरावर बोट ठेवून मला विचारलं होतं, “सायेब, ह्यात काय लिवलंय ते मला समाजलं, असं ह्यात लिवलंय ना? मग आधी समजावा तरी!” मी समजावलं. व्याज, हप्ता, जामीनदार, तारण, हप्ता चुकला तर काय. पाऊण तास गेला. मागची रांग कुरकुरत होती. अहवालात हिंदी पत्रांचा रकाना होता, समजावण्यात गेलेल्या या पाऊण तासाचा नव्हता. तीन भाषांचा मान राखला गेला होता, पण त्या तिन्हींमधलं अंतर चालून जायचं काम एकट्या त्या बाईंवर पडलं होतं.

दोन भाषांचा कारभार म्हटला की मला हेच आठवतं. कागदावर दोन्ही भाषा समान असतात, पण भाषांतराचं ओझं मात्र नेहमी दुबळ्या बाजूच्या डोक्यावर जातं.

कॅनडातल्या क्विबेक प्रांतानं हे ओझं फार वर्षं वाहिलं. तिथं चारांपैकी साधारण तिघांची मातृभाषा फ्रेंच. तरी १९६०च्या दशकात कॅनडा सरकारच्या आयोगानं तपासलं तेव्हा दिसलं, की क्विबेकमध्ये दोन्ही भाषा जाणणाऱ्या फ्रेंच माणसापेक्षा फक्त इंग्रजी येणारा इंग्रज जास्त कमावतो. म्हणजे दुसरी भाषा शिकण्याचे कष्ट एकानं करायचे आणि फायदा दुसऱ्यानं घ्यायचा. १९६९ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारनं इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांना समान दर्जा दिला. क्विबेकला तेवढ्यानं भागेना. १९७७ मध्ये त्यांनी १०१ क्रमांकाचा कायदा केला. कारभार, कामाची जागा, दुकानाच्या पाट्या आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांच्या मुलांचं शिक्षण, सारं फ्रेंचमध्ये.

याची किंमत त्यांनी मोजली. सन लाइफ या मोठ्या विमा कंपनीनं १९७८ मध्ये मुख्य कचेरी माँट्रियलहून टोरांटोला हलवत असल्याचं जाहीर केलं. फक्त फ्रेंच पाट्यांची सक्ती १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवली. पुढे १९९३ मध्ये तोडगा निघाला : इतर भाषा चालतील, पण फ्रेंच ठळक हवी. एवढं सगळं होऊन तिथली माणसं विहिरीतली बेडकं झाली का? २०२१ च्या जनगणनेत क्विबेकमधले सुमारे ४६ टक्के लोक दोन्ही भाषा बोलू शकत होते. उरलेल्या कॅनडात हे प्रमाण दहा टक्केही नव्हतं. खिडकी एका भाषेची केल्यानं माणसं एका भाषेची होत नाहीत.

‘द्वैभाषिक’ हा शब्द आपल्याकडे एका पिढीनं शिवीसारखा वापरला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र करून मुंबई राज्य बनलं. ते मराठी माणसांना नको होतं आणि महागुजरात मागणाऱ्यांनाही नको होतं. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीनं प्रचंड निदर्शनं केली. तो गड पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेलं की समोरच येतो. १ मे १९६० रोजी ते राज्य विभागलं गेलं आणि मग १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आला. कारभाराची भाषा मराठी ठरली.

त्याही आधीचा दाखला आमच्याच तालुक्यातला. रायगडावर राज्याभिषेक करवून घेणाऱ्या शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरीही रक्कम, जमा, खर्च, वसूल, हप्ता हे शब्द टिकले आणि तीनशे वर्षांनी माझ्या खातेवहीत सुखानं नांदले. कारभाराची भाषा आपली असली, म्हणजे बाहेरच्या शब्दांचं भय वाटत नाही.

इथवर बरेच वाचक माना डोलावतील. पण आता अवघड भाग येतो. बेळगावचा मराठी माणूस १९५६ पासून दुसऱ्याच्या खिडकीसमोर उभा आहे. महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला तो सीमेचा. पण तिथल्या माणसाची रोजची मागणी त्याहून साधी असते : कागद मला वाचता येईल असा द्या, पोरांना आमच्या भाषेत शिकवा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आलेलं ३५०-क हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला राज्यांना सांगतं. बेळगावसाठी आपण हे कलम पुढे करतो. मग महाडच्या उर्दू शाळेला तेच लागू आहे. कातकरीवाडीवरच्या पोरालाही निदान पहिली दोन वर्षं त्याच्या बोलीत समजावणारा शिक्षक मिळायला हवा. कारखान्यातल्या परप्रांतीय कामगाराला धोक्याची सूचना त्याला वाचता येईल अशीच लावायला हवी, कारण गळणारा वायू कुणाची मातृभाषा विचारत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. महाराष्ट्राची खिडकी मराठीच असावी, बँकेचीसुद्धा, आणि ती स्लिपपुरती नव्हे, कर्जाच्या करारापर्यंत. पहिलीतल्या मुलाला आधी एक भाषा पक्की करू द्यावी. हिंदी-इंग्रजी थोड्या उशिरानं, पण नीट शिकवाव्यात. आणि ज्याला मराठी येत नाही असा माणूस खिडकीशी आला, तर त्याला हाकलू नये. पाऊण तास द्यावा. रांग कुरकुरेल. तिला कुरकुरू द्यावं.