चिपशिवायचा व्हेप

पानिपतच्या काला अंब स्मारकाला 14 जानेवारीला महाराष्ट्रातून अनेक तरुण जातात. कुणाच्या सॅकमध्ये मेकॅनिकल व्हेप असेल, तर त्याने हे जरूर वाचावं.

धातूची नळी, लिथियम सेल, तारेची कॉइल, बटण. चिप नाही, म्हणून बिघडायला फारसं काही नाही आणि वाफ दाट निघते; आकर्षण यातच आहे. धोकाही यातच. पूर्ण चार्ज झालेला सेल 4.2 व्होल्टचा. कॉइलचा रोध 0.1 ओहम असेल, तर ओहमच्या नियमाने प्रवाह 42 अँपिअरवर जातो. टॉर्चमध्येही असणाऱ्या 18650 सेलना एवढा प्रवाह सलग झेपत नाही, आणि तो तोडणारं सर्किट इथे नसतं. सेल तापतो, आत वायू साठतो. नळीला पुरेशी छिद्रं नसतील तर ती फुटते. 2018 मध्ये फ्लोरिडात आणि 2019 मध्ये टेक्सासमध्ये व्हेपच्या स्फोटाने माणसं दगावली.

रोध मोजून स्फोट टाळता येईल, निकोटिनचं व्यसन नाही. भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, वाहतूक, विक्री, साठवण या सगळ्यावर बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

टॉर्चचे सुटे सेल मात्र किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात टाकू नका. प्लास्टिकच्या डबीत ठेवा.