गाडी खाली बसविण्यापूर्वी



आज आपण मोटारगाडीच्या उंचीविषयी बोलणार आहोत. आष्टी तालुक्यातल्या कड्यासारख्या गावी आता सेकंडहँड मोटार घेणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. गाडी दारात आली, की घरातल्या तरुणाच्या मनात येते, ही थोडी खाली बसवली तर काय रुबाबदार दिसेल! पैसे बेताचे असतात. मग कोणी तरी सांगतो, "त्याला काय लागतंय? स्प्रिंगचा एक वेढा कापला की झालं काम." हे काम लवकर होते आणि स्वस्तातही होते, हे खरे. परंतु त्यात उंचीबरोबर आणखी काय जाते, ते आधी पाहिले पाहिजे.

गाडी खाली घेणे ही मुळात वाईट गोष्ट नव्हे. आपल्या भागाला हा बदल चांगलाच परिचयाचा आहे. जुनी लाकडी बैलगाडी आठवा. तिची चाके माणसाच्या छातीपर्यंत येत. ती उगीच मोठी नव्हती. चाक जितके मोठे, तितके ते खड्ड्यात कमी उतरते आणि दगडावरून सहज चढते. लाकडी चाकाला आणि लोखंडी धावेला धक्का पोटात घेता येत नाही, म्हणून ती उणीव चाकाच्या मोठेपणाने भरून काढलेली होती. पुढे टायरगाडी आली. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला ज्या टोळ्या निघतात, त्यांच्या गाडी सेंटरांत तीच असते. तिचे चाक लहान आणि साटा खाली. त्यामुळे उसाची मोळी चढविताना बाईमाणसाचे कष्ट थोडे कमी होतात, आणि भरलेली गाडी उतारावर कलंडण्याची भीतीही कमी होते.

मग लहान चाक चालले कसे? हवा भरलेला टायर रुंद असतो, तो मातीत कमी रुततो आणि लहानसहान धक्का स्वतः दाबला जाऊन जिरवतो. म्हणजे मोठ्या चाकाचे काम हवेने उचलले, आणि मगच गाडी खाली आली. आपल्या आजच्या विषयाचे सार इथेच आहे. उंची जे काम करीत होती, ते दुसऱ्या कोणी उचलल्याशिवाय उंची काढू नये.

आता मोटारीकडे वळू. मोटारीत चाक आणि शरीर यांच्यामध्ये स्प्रिंग असते. चाक दगडावर चढले की स्प्रिंग दबते, आणि वरचे शरीर फारसे हलत नाही. दबायला तिला जागा लागते. चाकाच्या वर जी मोकळी फट दिसते आणि काहींच्या डोळ्यांत खुपते, ती हीच जागा. ती शोभेसाठी ठेवलेली नसते. ती जागा संपली की आतला रबरी गुटका ठोकला जातो, आणि मग धक्का सरळ शरीराला आणि आत बसलेल्यांच्या मणक्याला.

स्प्रिंग कापली की दोन गोष्टी एकदम घडतात. जागा कमी होते आणि स्प्रिंग कडक होते. दुसरी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. शिक्षकबंधूंनी ती वर्गात दाखवावी. टेबलाच्या कडेवर एक पट्टी ठेवा, निम्म्याहून अधिक बाहेर काढा आणि टोक दाबा. ती सहज वाकते. आता थोडीच बाहेर ठेवून दाबा. बोटाला जोर लागतो. पट्टी तीच, पण वाकणारा भाग आखूड झाला. स्प्रिंग म्हणजे वेटोळे घातलेली तारच. तिचे काम करणारे वेढे सहा असले आणि एक कापला, तर उरलेल्या पाच वेढ्यांची स्प्रिंग वीस टक्के कडक होते. धक्का रोखणारा शॉक ॲब्सॉर्बर मात्र जुन्या स्प्रिंगच्या हिशोबाने बनविलेला असतो. दोघांचा मेळ तुटतो आणि गाडी खडबडीत रस्त्यावर उड्या मारू लागते. उडालेल्या चाकाला रस्त्याची पकड नसते. त्या क्षणी ब्रेक दाबला तरी ते चाक गाडी थांबवू शकत नाही.

शिवाय स्प्रिंगचे टोक तिच्या वाटीत नीट बसेल असे घडविलेले असते. कापलेले टोक तसे बसत नाही. खड्ड्यावरून चाक खाली लोंबले, की आखूड स्प्रिंग सैल पडून सरकू शकते.

काही ठिकाणी स्प्रिंग कापत नाहीत, गॅसच्या ज्योतीने तापवून दाबतात. याचे उत्तर ऊसतोडीचा कोयता वापरणारा माणूसच देईल. कोयता चुलीत तापला तर काय होते? त्याचे पाणी उतरते, धार टिकत नाही. स्प्रिंगच्या पोलादालाही असेच पाणी दिलेले असते. ते उतरले की स्प्रिंग हळूहळू बसत जाते, एक बाजू जास्त आणि एक कमी, आणि एखाद्या दिवशी तुटते. जीप आणि पिकअप गाड्यांना मागे पाटे असतात. त्यांतला एखादा पाटा काढून गाडी खाली घेणे हाही तसलाच प्रकार. पाच जणांचे ओझे चौघांवर टाकल्यावर दोष कोणाला द्यायचा?

आता रस्त्याचा हिशोब करू. आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींचे पोट जमिनीपासून सोळा-सतरा सेंटिमीटर वर असते. सोळा धरू. पाच माणसे आणि सामान भरले की गाडी साधारण चार सेंटिमीटर दबते. उरले बारा. त्यात आपण चार सेंटिमीटर खाली घेतली तर उरले आठ. कडक स्प्रिंग किंचित कमी दबते, म्हणून फार तर नऊ धरा. इंडियन रोड्स काँग्रेसने ठरविलेला गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. रुंदी भरपूर असल्यामुळे त्याचा चढ सावकाश येतो आणि लहान गाडीच्या दोन चाकांच्या मध्ये तो जेमतेम चार सेंटिमीटर वर उठतो. परंतु गावोगावचे किती गतिरोधक या मापाचे आहेत? अरुंद, वरवंट्यासारखा गतिरोधक असेल, तर त्याची सगळी दहा सेंटिमीटर उंची गाडीच्या पोटाखाली येते. आठ-नऊ सेंटिमीटरच्या जागेत दहा सेंटिमीटर मावणार कसे? तिथे ऑइल चेंबर घासते. नगर-जामखेड रस्ता सोडून शेताच्या पाणंदीला लागले, की चाकोरीच्या मधली माती आणि दगड हेच काम करतात. ऑइल गळून गेलेले लक्षात आले नाही, तर इंजिन जाम होते आणि स्प्रिंगवर वाचविलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे जातात.

"पण खाली घेतलेली गाडी वळणावर स्थिर राहते ना?" हा प्रश्न योग्य आहे. गुरुत्वमध्य खाली आला की गाडी वळणावर कमी कलते, हे शास्त्र खरे. पण किती कमी? समजा गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर आहे आणि आपण तो तीन सेंटिमीटर खाली आणला. फायदा साधारण साडेपाच टक्के. आता गाडी आहे तशी ठेवा आणि तेच वळण ताशी ६० ऐवजी ५५ किलोमीटरने घ्या. बाहेर लोटणारा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून तो सोळा टक्क्यांनी उतरतो. जवळजवळ तिप्पट फायदा, आणि खर्च काहीच नाही.

तेव्हा बेताच्या पैशात काय करावे? आधी हेतू ओळखावा. गाडी डुलते म्हणून ती खाली घ्यावीशी वाटत असेल, तर गाडीचा एकेक कोपरा हाताने जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन ती थांबली तर ठीक. दोन-तीनदा झुलत राहिली, तर दोष उंचीचा नसून थकलेल्या शॉक ॲब्सॉर्बरचा आहे. ते जोडीने बदलावेत, एकच बदलू नये. टायरची हवा दाराजवळच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे ठेवावी. टपावरचे कॅरियर लागत नसेल तर उतरवावे. जड सामान डिकीत तळाला ठेवावे. त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. एवढ्यावरच पुष्कळ गाड्यांचे डुलणे थांबते.

म्हाताऱ्या माणसांना जीपमध्ये चढता येत नाही, हा हेतू असेल तर सारी गाडी कशाला खाली घ्यायची? दाराशी ठेवायला एक लाकडी पाट आणि आत धरायला भक्कम दांडी पुरते.

शोभा हाच हेतू असेल, तर आधी गाडी सपाट जागी रिकामी उभी करा आणि चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या काठापर्यंत टेपने मापा. जुन्या गाडीच्या स्प्रिंगा आधीच बसलेल्या असतात. डावी-उजवी मापे जुळत नसतील, तर ती गाडी खाली घेण्याची नव्हे, मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा घालण्याची आहे. रीतसर खाली घ्यायची म्हटली तर त्या गाडीसाठी बनविलेल्या आखूड स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉक ॲब्सॉर्बर असा चारही चाकांचा संच लागतो. शिवाय अलाइनमेंट आणि दिव्यांची दिशा पुन्हा लावावी लागते. अलाइनमेंट चुकले की टायर आतल्या कडेला झिजतात. हा खर्च झेपत नसेल, तर थांबणे हेच शहाणपण.

आणि कायदाही ध्यानात ठेवावा. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार बनविणाऱ्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेल्या अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मूळ मापाची नवी स्प्रिंग घालणे ही दुरुस्ती झाली. त्यापलीकडचे काही करण्यापूर्वी बीडच्या आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावे. अपघातानंतर विम्याच्या दाव्याच्या वेळीही कापलेली स्प्रिंग अडचणीची ठरू शकते.

गाडीत आपण एकटे बसत नाही. दवाखान्याला निघालेली गरोदर सून, शाळेची मुले, बाजारची माळवं घेऊन निघालेली आई, ही सारी त्याच चार स्प्रिंगांच्या भरवशावर बसतात. चाकावरची ती चार बोटांची फट त्यांच्यासाठी आहे. कापायची करवत हाती घेण्यापूर्वी तेवढे आठवावे.