नकार लिहिलेला आराखडा

१५ ऑक्टोबरला धरणांत किती पाणी आहे, या एका आकड्यावर नीरा डाव्या कालव्याचे पुढचे आठ महिने ठरतात. भाटघर, वीर, नीरा देवघर आणि गुंजवणी ही चारही धरणे भरली तर उपयुक्त साठा ४८ टीएमसीच्या आसपास जातो. त्यातून बाष्पीभवन वजा होते, पिण्याचे आणि कारखानदारीचे पाणी बाजूला निघते, पाऊस लांबला तर असावे म्हणून थोडे मागे ठेवले जाते. उरलेल्यात डाव्या कालव्याच्या बाजूला पुरंदर, बारामती, इंदापूर आणि उजव्या कालव्याच्या बाजूला खंडाळा, फलटण, माळशिरस, पंढरपूर, सांगोला. कालव्यात मुरणारे पाणी धरून रब्बीला किती आणि उन्हाळ्याला किती आवर्तने बसतात, ते जलसंपदा खाते मांडते. हा प्राथमिक सिंचन कार्यक्रम मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या कालवा सल्लागार समितीपुढे येतो, चर्चा होते, तारखा ठरतात आणि पाण्याचे नियोजन झाले असे जाहीर होते. माझे म्हणणे असे की एवढ्याने नियोजन होत नाही. कोणत्या क्षेत्राला पाणी मिळणार नाही हे ज्या आराखड्यात आधी लिहिलेले नसते, तो आराखडा अर्धाच असतो. उरलेला अर्धा कालव्याच्या शेपटाला, कोरड्या चारीत, आपोआप पुरा होतो.

हिशेब एका चारीपुरता करून पाहिला की हे स्पष्ट दिसते. एक क्युसेक पाणी २४ तास वाहिले तर ८६,४०० घनफूट होते. शेतात तीन इंच पाणी बसवायचे म्हटले तर, गळती न धरता, दिवसाला आठ एकर भिजतात. आवर्तन १५ दिवसांचे असेल तर १२० एकर. आता त्या चारीवर २०० एकरांचे पाणीअर्ज, म्हणजे सात नंबरचे फॉर्म, भरलेले असतील, तर ८० एकर भिजणार नाहीत हे पाणी सुटण्याच्या आधीच माहीत असते. त्यात वरच्या अंगाला ऊस उभा असेल आणि तीनऐवजी चार इंच पाणी घेतले गेले, तर दिवसाला सहाच एकर होतात आणि १२० चे ९० उरतात. शेजपाळीचा, म्हणजे ओळीने पाणी देण्याचा, नियम शेपटाकडून डोक्याकडे यायचा आहे, तो याचसाठी. पण कालवा भरून पाणी इंदापूरच्या टोकाला पोहोचायलाच काही दिवस जातात, तोवर वरची दारे बंद ठेवावी लागतात आणि उभे पीक वाळताना समोरून वाहणारे पाणी कोणी सुखासुखी जाऊ देत नाही. पाटकऱ्याला दोष देणे सोपे आहे. खरे म्हणजे समितीने न उच्चारलेला नकार एकट्या पाटकऱ्याने बांधावर उभे राहून उच्चारावा, अशी आपली अपेक्षा असते. कर्मचाऱ्यांच्या रिकाम्या जागा पाहता एकेका माणसाकडे किती चाऱ्या येतात, याचाही विचार व्हायला हवा.

नकार आधी लिहून ठेवण्याची कल्पना या कालव्याला नवी नाही. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर अवर्षणग्रस्त भागाला आधार म्हणून हा कालवा काढला गेला आणि १८८५ पासून त्यातून पाणी वाहू लागले. पाणी आले तसा ऊस आला, वरच्या गावांत दाटला आणि दुष्काळापासून ज्यांना वाचवायचे ती कोरडवाहू गावे बाजूला पडू लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुणे भागातल्या पाटबंधाऱ्यांचे काम पाहत होते. त्यांनी इथे ब्लॉक पद्धत आणली. गावोगावी भिजवण्याचे ठरावीक गट आखायचे, गटातल्या काही हिश्श्यातच ऊस, बाकीच्यावर हंगामी पिके, आणि पिकांचा फेरपालट. गटाच्या बाहेर पाणी नाही, पण गटाच्या आत पाण्याची हमी. या पद्धतीचे मोल मला दोन्ही बाजूंनी वाटते. ज्याला नाही म्हटले त्याने ज्वारी-बाजरी पेरली, ज्याला हो म्हटले त्याने निर्धास्तपणे खर्च केला. अति पाणी देण्याचे परिणामही तेव्हा दिसू लागले होते. हॅरोल्ड मान आणि ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर लिहिले, ते कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षेच झाली असताना. शेपटाला न पोहोचलेले पाणी डोक्याला सुखात ठेवतेच असे नाही, ते तिथली जमीनही खारवते.

आजची अडचण वेळेची आहे. आडसाली उसाची लागण साधारण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि तो सोळा-अठरा महिने शेतात राहतो. म्हणजे १५ ऑक्टोबरला अधिकारी कागद पुढे ओढतात तेव्हा सर्वांत जास्त पाणी पिणारे पीक गुडघ्याच्या वर आलेले असते. त्याला नाही म्हणणे कोणालाच शक्य नाही, आणि म्हणूही नये. त्या शेतकऱ्याने सोसायटीचे कर्ज उचलले आहे, बेणे-खत घातले आहे. निर्णय आधीच झालेला असतो, फक्त तो पाणी मोजणाऱ्यांनी घेतलेला नसतो. तो कारखान्याच्या शेतकी विभागातल्या ऊसनोंदीत झालेला असतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचे कारखाने, या सगळ्यांकडे लागणीची तारीख, जात, क्षेत्र, गट नंबर अशी बारीक माहिती असते, कारण तोडणीचा कार्यक्रम त्यावर बसवायचा असतो. कालव्याकडे धरणाचा साठा असतो आणि कारखान्याकडे पिकाची नोंद. हे दोन कागद लागणीच्या आधी एका टेबलावर आले पाहिजेत, आणि ते येत नाहीत तोवर ऑक्टोबरातला कार्यक्रम म्हणजे इतरांनी करून ठेवलेल्या लागणीची वाटणी एवढाच राहतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की इथला बराचसा ऊस विहिरीवर आहे, कालव्यावर नाही, मग कालव्याच्या आराखड्याने त्यात का पडावे? पण नीरा डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाला शेतकऱ्यांनी विरोध केला तो कशासाठी? कालव्याला काँक्रीट झाले की पाझर थांबेल आणि विहिरी आटतील, हीच भीती होती, आणि ती रास्त आहे. विहिरीचे पाणी हे पुष्कळ ठिकाणी कालव्याचेच पाणी आहे, फक्त जमिनीखालून आलेले. मग हिशेबातही ते एकत्रच धरायला हवे. पाझरावर ज्याची विहीर बारमाही चालते त्याला थेट कालव्याचे पाणी कमी आणि जिथे पाझर पोहोचत नाही त्या टोकाला जास्त, असे आराखड्यात लिहिता येते. अस्तरीकरणाचा वादही मग केवळ हो की नाही असा राहत नाही. कोणत्या पट्ट्यात पाझर राखायचा आणि कोणत्या पट्ट्यात पाणी पुढे ढकलायचे, असा तो होतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. जूनमध्ये पाऊस किती पडणार हे कोणाला ठाऊक? धरण भरण्याआधी कोणाला हो आणि कोणाला नाही कसे म्हणायचे? पूर्ण उत्तर अर्थातच देता येत नाही, पण पायऱ्या देता येतात. धरणे एवढी भरली तर एवढ्या क्षेत्राला, त्याहून कमी भरली तर आधी कोणते क्षेत्र गळेल आणि नंतर कोणते, हा क्रम पावसाच्या आधी ठरवता येतो. किंबहुना तो आधीच ठरवावा, कारण टंचाई पडल्यावर क्रम ठरवायला बसले की ज्याचा आवाज मोठा त्याचे क्षेत्र वर जाते. नीरा देवघरच्या पाण्यावरून झालेला वाद डोळ्यांसमोर आहे. जून २०१९ मध्ये सरकारने बारामती-इंदापूरकडे येणारे जादा पाणी थांबवले, फेब्रुवारी २०२० मध्ये नव्या सरकारने डाव्या कालव्याला ५५ आणि उजव्याला ४५ टक्के असे ठरवले. दोन्ही बाजूंना आपला हक्क मांडण्याचा अधिकार आहे. पण ज्या शेतकऱ्याचा हिस्सा आठ महिन्यांत बदलतो, त्याने अठरा महिन्यांचे पीक कशाच्या भरवशावर लावायचे? दुष्काळी वर्षाचा क्रम सुकाळात लिहिला गेला तर त्याला निदान आपली जागा कळते.

तिसरा प्रश्न न्यायाचा आहे, आणि तो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. उसाला एफआरपीचा, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान दराचा, आधार आहे, कारखाना ऊस तोडून नेतो. ज्वारीला, हरभऱ्याला, कांद्याला तशी खात्री नाही. मग ज्याच्या उसाला नाही म्हणायचे त्याला आपण नुकसानीत ढकलतो की नाही? ढकलतो, जर नकार कोरडा असेल तर. म्हणून नकारासोबत दुसऱ्या पिकासाठी पाण्याची लेखी हमी द्यावी लागेल. एक एकर ऊस कमी झाला की त्या पाण्यात हंगामी पिकाचे कित्येक एकर निघतात. रब्बीत ज्वारी-हरभऱ्याला दोन पाणी ठरल्या तारखेला मिळाली तरी उत्पन्नात मोठा फरक पडतो. तारीख चुकली तर तेच पाणी वाया. टोकाच्या शेतकऱ्याला पाणी किती यापेक्षा कधी, हे कळणे पुष्कळदा जास्त उपयोगी असते.

हा नकार वरून खाली आला तर टिकणार नाही, हेही खरे. राज्याच्या २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, पाणी देण्याची तरतूद केली. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या संस्थांनी सबंध प्रकल्पाचे व्यवस्थापन हाती घेतले. तिथे कोटा ठरलेला असतो आणि त्यात काय पिकवायचे हे शेजारी शेजाऱ्यासमोर ठरवतो. नीरा डावा वाघाडच्या मानाने कितीतरी मोठा आहे, त्यावर तालुक्यांचे आणि कारखान्यांचे राजकारण आहे, त्यामुळे तिथली पद्धत उचलून इथे ठेवता येणार नाही. पण एका वितरिकेपुरती सुरुवात करायला अडचण नाही. मे महिन्यात त्या वितरिकेवरची ऊसनोंद, विहिरींची संख्या आणि मागच्या तीन वर्षांत प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. त्याखाली तीन ओळी असाव्यात: धरणे भरली तर किती एकर, तीन चतुर्थांश भरली तर किती, निम्मी भरली तर किती. आणि प्रत्येक ओळीत वगळलेल्या क्षेत्राचे गट नंबर.