दांडेलीला नको, अण्णिगेरीला चला

हुबळी-धारवाडच्या आकाशनिरीक्षकांत जागेचा विषय निघाला की बोटे पश्चिमेकडे वळतात: दांडेली, जोयडा, उळवी. नकाशावर तिकडे अंधार दाट आहे, हे मान्य. मी मात्र कित्येक वर्षे पूर्वेकडे बोट दाखवत आलो आहे आणि आजही दाखवतो.

एके काळी कुठेच जावे लागत नसे. 11 एप्रिल 1986 ला हॅलेचा धूमकेतू पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला, तेव्हा तो खाली दक्षिणेला, नरतुरंग आणि वृकाच्या बाजूला होता. अमावस्या नुकतीच होऊन गेलेली. उणकल तळ्याच्या बांधावरून आम्ही तो नुसत्या डोळ्यांनी पाहिला आणि पहाटेपर्यंत आकाशगंगा बघत बसलो. आज त्याच बांधावरून वृश्चिकाची शेपटीसुद्धा पुरी दिसत नाही. बीआरटीएसचा रस्ता, उद्यानाचे दिवे, जोडशहरांचे एकमेकांत मिसळलेले तेज. पिवळ्या सोडियम दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी आले, त्यांच्यातला निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, आणि आकाश धुऊन निघाल्यासारखे फिके पडले. हे सुधारणेच्या नावाने झाले, याचे मला फार दुःख आहे.

इतर गावांच्या कथा थोडक्यात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासूनची, पण आता तिथल्यांनाही शहर सोडून दूर जावे लागते. मुंबईकरांच्या वांगणीला बदलापूरच्या इमारतींनी गाठले. लडाखमधल्या हानलेचे राखीव आकाश साडेचार हजार मीटरवर. तिथे वर्षातून एकदा जाता येईल, दर अमावस्येला नाही.

आता माझा मुद्दा. बॉर्टलने 2001 साली आकाशाच्या काळोखाचे नऊ वर्ग पाडले, तेव्हापासून आपली काही मंडळी त्या एका आकड्यामागे धावतात. जंगलात दुसरा वर्ग मिळतो, म्हणतात. मिळत असेल. पण झाडांनी क्षितिज खाल्लेले असते, मध्यरात्रीनंतर दवाने भिंग आंधळे होते, आणि व्याघ्र प्रकल्पात रात्री वाटेल तिथे उतरून दुर्बीण मांडता येत नाही. आपले अक्षांश साडेपंधरा. याचे मोल दक्षिणेच्या आकाशात आहे. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ इथे सत्तावीस अंश वर चढतो, मित्र तारा चौदा अंशांवर येतो, त्रिशंकूचा खालचा तारासुद्धा अकरा अंश सुटतो. मोठा मॅजेलनी मेघ पुण्याहून जेमतेम क्षितिज ओलांडतो, इथे पाच अंशांवर येतो. हे सारे झाडांच्या शेंड्यांमागे घालवायचे?

धारवाडला मलनाड संपतो आणि पूर्वेला काळ्या जमिनीचा उघडा मुलूख लागतो: नवलगुंद, अण्णिगेरी, नरगुंद. अण्णिगेरीच्या आसपास उभे राहा. हुबळीचा उजेड पश्चिमेला, गदगचा पूर्वेला, आणि मधली दक्षिण मोकळी. याच नरगुंदात 1854 साली व्यंकटेश बापूजी केतकर जन्मले. शाळामास्तरकी करता करता ग्रहगणित केले आणि 1911 साली फ्रान्सच्या नियतकालिकात नेपच्यूनपलीकडच्या दोन ग्रहांचे भाकीत छापले. एकाचा प्रदक्षिणाकाळ 242 वर्षे. 1930 ला सापडलेल्या प्लूटोचा 248. प्लूटोचे वस्तुमान पाहता तो मेळ योगायोगाचा, हे आता ठाऊक आहे. तरी त्या चिकाटीला मी हात जोडतो. त्यांच्या गावची मुले आज आकाशाला पारखी व्हावीत, हे मला सहन होत नाही.

राहिला सुरक्षिततेचा प्रश्न, आणि तो खरा. शेतातल्या पंपाची मोटर आणि केबल चोरीला जाते. रात्री अनोळखी गाडी दिसली की शेतकरी काठी घेऊन येतो, त्याचे काहीच चुकत नाही. शिवाय भीती नुसती चोरांची नसते: 16 फेब्रुवारी 1980 ला खग्रास ग्रहणाचा पट्टा हुबळीवरून गेला, तेव्हा लोक दारे लावून घरात बसले होते. आकाशाची भीती आम्ही पाहिली आहे. म्हणून नुसती जागा शोधू नका, माणसे शोधा. येळ्ळ अमावस्येला इथली कुटुंबे दिवसभर शेतात असतात, भाकरी-भाज्या घेऊन. त्या दिवशी जा, पंक्तीला बसा, मुलांना संध्याकाळी शुक्र किंवा गुरू जो असेल तो दाखवा. रात्र चढली की दक्षिणेला अगस्ती वर येतो, तो म्हाताऱ्यांना आपणहून दाखवू द्या. मग पोलीस ठाण्याला आगाऊ कळवणे, शाळेचे आवार मागून घेणे, बरोबर आलेल्या मुलींची झोपायची सोय एखाद्या घरात लावणे, ही कामे सोपी होतात. हिरव्या लेझरचा झोत मात्र गावाकडे फिरवू नका. रब्बी निघाल्यावर, पाडव्याच्या आधीच्या अमावस्येला, रान मोकळे असते आणि ओमेगा सेंटॉरी मध्यरात्रीनंतर दक्षिणेला आपल्या सर्वांत उंच जागी येतो. माझ्या मते वर्षातली सर्वांत चांगली रात्र तीच.

पेंचला 2024 साली देशातले पहिले डार्क स्काय पार्क झाले, तेव्हा भोवतालच्या खेड्यांतले शंभरावर दिवे बदलून खाली वळवले गेले. एवढे आपल्याकडेही करता येईल. एक ग्रामपंचायत, वेशीवरचे मोजके दिवे, त्यांना झाकणे आणि पिवळे बल्ब. खर्च आपल्या मंडळींनी उचलावा. पहिला अर्ज अण्णिगेरीजवळच्या एखाद्या खेड्यात, येत्या येळ्ळ अमावस्येच्या आत जायला हवा.