दिलेल्या ‘डेट’ची किंमत

दूरचित्रवाणी मालिकेचा भाग संपताना झरझर सरकत जाणारी श्रेयनामावली सहसा कोणी वाचत नाही. त्या यादीतील फार थोडी माणसे वाहिनीच्या किंवा निर्मिती संस्थेच्या पगारपत्रकावर असतात. छायालेखक, ध्वनिमुद्रक, फोकस पुलर, लाइटमन, रंगभूषाकार, ड्रेसदादा, सेटिंगवाले यांपैकी बहुतेक जण रोजावर किंवा त्या त्या कामापुरते बांधलेले असतात. आज गोरेगावच्या चित्रनगरीत, उद्या मढच्या बंगल्यात, परवा नायगावच्या सेटवर आणि एखाद्या वेळी महिनाभर कोल्हापूर-साताऱ्याकडे, असा त्यांचा फिरता संसार. कायमची नोकरी नाही, म्हणजे कोणाचे बंधनही नाही, असे बाहेरून वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. नोकरदाराच्या मागे संस्थेचे नाव उभे असते. मुक्त तंत्रज्ञाच्या मागे त्याच्या स्वत:च्या शब्दाखेरीज काहीही नसते.

हा शब्द पहिल्यांदा कसाला लागतो तो ‘डेट’ देताना. रात्री उशिरा प्रॉडक्शन मॅनेजरचा फोन येतो, ‘दादा, उद्या सातची शिफ्ट आहे, याल का?’ त्यावर ‘येतो’ म्हटले की करार झाला. कागद नाही, सही नाही. त्या एका ‘येतो’वर दुसऱ्या दिवशीची सगळी मांडणी उभी राहते. आणि नेमके त्याच रात्री एखाद्या जाहिरातपटाचे बोलावणे येते, ज्याच्या एका दिवसाचे पैसे मालिकेच्या दोन-तीन दिवसांइतके असू शकतात. सकाळी साडेसहाला ‘ताप आला आहे’ असा निरोप पाठवणे हा सर्वांत सोपा मार्ग. पण लाइटमन आणि मेकअपदादा आज या सेटवर तर उद्या त्या सेटवर असतात, त्यामुळे असला ताप फार काळ लपत नाही.

जुन्याजाणत्या तंत्रज्ञांचा संकेत साधा आहे. पहिल्यांदा दिलेली डेट पहिली. ती सोडणे भागच असेल, तर वेळेत सांगावे, आपल्याच तोडीचा माणूस सुचवावा, दृश्याची कंटिन्युइटी आणि आदल्या दिवशीची प्रकाशयोजना त्याला नीट समजावून द्यावी आणि त्याला घ्यायचे की नाही, हे निर्मात्यावर सोडावे. बदली माणसाच्या रोजातून स्वत:चा वाटा काढणे ही मात्र दलाली झाली. अर्थात हा संकेत एकतर्फी पाळला जातो, हेही खरे. आदल्या रात्री शिफ्ट रद्द करणारी निर्मिती संस्था त्या वाया गेलेल्या दिवसाचे पैसे क्वचितच देते आणि ते मागणाऱ्याला ‘कटकट्या’ हे विशेषण फुकट मिळते.

पैशाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. मालिकांच्या व्यवसायात कामाचे पैसे ९० दिवसांनी देण्याची प्रथा वर्षानुवर्षे चालत आली आहे. जानेवारीत घाम गाळायचा आणि एप्रिल-मेमध्ये धनादेशाची वाट पाहायची. नोव्हेंबर २००८मध्ये तंत्रज्ञ-कामगारांच्या वेतनाच्या वादातून हिंदी मालिकांचे चित्रीकरण थांबले, तेव्हा वाहिन्यांना काही दिवस जुनेच भाग दाखवावे लागले होते. त्या निमित्ताने का होईना, पडद्यामागच्या माणसांच्या रोजाची चर्चा घराघरांत झाली.

परंतु या साखळीतील सर्वांत नाजूक कडी निर्मात्याच्या कार्यालयात नसते, ती सेटवरच असते. ध्वनिमुद्रक बूम धरणारा आणि आणखी एखादा सहायक घेऊन कामावर येतो, छायालेखकाचेही तसेच. म्हणजे निर्मात्याच्या लेखी जो कामगार, तोच आपल्या सहायकांच्या लेखी मालक. निर्मात्याकडून पैसे थकले की तो सहायकाला सांगतो, ‘मला मिळाले की तुला देतो.’ वरवर हे न्याय्य वाटते. तसे ते नाही. ९० दिवसांची अट मान्य करण्याचा निर्णय विभागप्रमुखाने घेतलेला असतो. सहायकाला कोणी विचारलेलेही नसते आणि विरार-नालासोपाऱ्यातील त्याच्या खोलीचे भाडे एक तारखेला द्यावे लागते. सहायकाचा रोज महिनाअखेर स्वत:च्या खिशातून देता येत नसेल, तर ते काम सुरू होण्यापूर्वी स्पष्ट सांगायला हवे, म्हणजे त्याला नकार देण्याची तरी मुभा राहील. सहायकाच्या नावाने निर्मात्याकडून एक रक्कम घ्यायची आणि त्याच्या हातावर दुसरीच ठेवायची, हा प्रकार तर चोरीचाच.

कायद्याचा आधार अगदीच नाही असे नव्हे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते. उशीर झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. स्वत:ची उपकरणे घेऊन सेवा पुरवणारा तंत्रज्ञ अशी नोंदणी करू शकतो. दाद मागितल्यावर पुढचे काम मिळेल का, ही धास्ती मात्र कोणत्याही कलमाने जात नाही.

विश्वासाचा दुसरा प्रांत कानाचा आहे. कलाकाराच्या कपड्यांत लावलेला लेपल माइक ‘कट’ म्हटल्यावर आपोआप बंद होत नाही. दोन दृश्यांच्या मधल्या वेळात ती अभिनेत्री आईशी फोनवर काय बोलली, कोणाशी भांडली, हे ध्वनिमुद्रकाच्या हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकू येते. चांगला ध्वनिमुद्रक अशा वेळी त्या चॅनलचा आवाज खाली करतो. माइक लावण्यापूर्वी विचारतो, आणि गरज पडल्यास वेशभूषा विभागातील बाईंना तो लावायला सांगतो. रंगभूषेच्या खोलीतील गप्पा, मॉनिटरवरील दृश्याचे मोबाइलवर टिपलेले छायाचित्र, नायिकेच्या लग्नाच्या भागातील साडी, यातले काहीही प्रक्षेपणापूर्वी व्हॉट्सअॅपवर पोहोचले, तर संशय सर्वांत आधी रोजंदारीच्या माणसावर जातो. स्वत:च्या कामाचा नमुना म्हणून दृश्ये वापरायची असतील, तर ती प्रक्षेपित झाल्यानंतर आणि निर्मात्याला विचारूनच वापरावीत. चित्रीकरणाचा हक्क कॅमेरा चालवणाऱ्याकडे नसतो, हे नव्या मुलांना कोणी शिकवत नाही.

जिथे गप्प बसणे हा गुन्हा ठरतो, अशाही जागा आहेत. ८ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या चित्रीकरणादरम्यान आग लागून ६०हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. १९ फेब्रुवारी २०२० रोजी चेन्नईजवळ एका चित्रपटाच्या सेटवर क्रेन कोसळून तिघांचा जीव गेला. उघडी वायर, कापडी छताला टेकलेला दिवा, बंद केलेले मागचे दार, या गोष्टी दिग्दर्शकाच्या आधी लाइटमनला दिसतात. ‘आपण रोजावरचे, आपल्याला काय’ म्हणून त्याने पुढे जावे, असे वेळापत्रक त्याला सुचवत असते. अशा वेळी आरडाओरडा करण्याची गरज नसते. शॉट लागण्याआधी ‘हे बदलायला दहा मिनिटे लागतील’ असे विभागप्रमुखाला चारचौघांत सांगणे बहुधा पुरते. आणि न पुरल्यास स्विच चालू न करण्याचा हक्क त्याचाच आहे.

बालकलाकारांच्या बाबतीतही असेच. २०१७च्या नियमांनुसार मुलाला दिवसाला ५ तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीविना सलग ३ तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही. मूल सेटवर किती वाजता आले, याची नोंद सहायक दिग्दर्शक करतो. सातचे नऊ लिहिणे हा त्याच्या पेनाचा एक फटकारा.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक २०२०ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून अमलात आली. तिच्यात दृक्-श्राव्य कार्यक्रमांसाठी काम करणाऱ्यांशी लेखी करार करण्याची तरतूद आहे. रात्रीच्या फोनची सवय जडलेल्या या व्यवसायात कागद यायला वेळ लागेल. तोवर काही जाणती मंडळी फोन ठेवताच प्रॉडक्शन मॅनेजरला मोबाइलवर दोन ओळींचा निरोप पाठवतात: तारीख, शिफ्टची वेळ, रोज, सहायक किती आणि पैसे कधी. उत्तरादाखल नुसता ‘ओके’ आला तरी ते तो जपून ठेवतात.